घरच्या अंगणात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदलताना

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला की बेळगावात पहिला सल्ला मिळतो तो गाडी विकून टाकण्याचा, आणि दुसरा ती उचलून कोल्हापूरला किंवा हुबळीला पाठवण्याचा. पंधरा वर्षे चाललेल्या गाडीची किंमत आणि नव्या गिअरबॉक्सची किंमत यांत फारसे अंतर उरत नाही, त्यामुळे हे सल्ले चुकीचे म्हणता येत नाहीत. तरीही इंजिन निरोगी असेल, पत्रा गंजलेला नसेल, जुना पण चांगला गिअरबॉक्स हाती लागत असेल आणि घरासमोर टणक जमीन असेल, तर हे काम घरी होऊ शकते. माझी २००९ सालची, केए-२२ पासिंगची लहान गाडी टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकापाशी थांबली ती नंतर पुढे सरकेचना. पुढे हिंडलग्याच्या घरासमोर, तीन शनिवार-रविवार खर्चून, मी आणि माझ्या मावसभावाने तिचा गिअरबॉक्स बदलला. सोबतीला शेजारचे एक वयस्कर मेस्त्री होते. त्यांच्याशिवायही हे काम झाले असते, पण बहुधा दोनदा करावे लागले असते.

येथे लिहिले आहे ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग) असलेल्या, चार किंवा पाच गिअरच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. २०१४ पासून आपल्याकडे लहान गाड्यांत आलेली एएमटी ही मुळात साध्या गिअरबॉक्सवर बसवलेली, क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा आहे. तिला टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि तिचे काम निराळे. सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचे, ऑइल आणि तपासणी वेगळी असते. आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये, कारण कोणता बोल्ट किती घट्ट करायचा हे आकडे त्यातच असतात आणि ते गाडीगणिक बदलतात.

गिअरबॉक्स खरोखरच गेला आहे का

गाडी हलत नाही एवढ्यावरून गिअरबॉक्स गेला असे ठरत नाही. सत्तर-ऐंशी किलोचा डबा खाली उतरवल्यावर दोष दुसरीकडेच होता असे कळणे फार महागात पडते, म्हणून या पायरीवर हवा तितका वेळ घालवावा.

सर्वांत आधी ऑइल पाहावे. डिपस्टिक काढून ऑइलचा थेंब जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर टिपला की रंग स्पष्ट दिसतो. चांगले ऑइल लालसर आणि पारदर्शक असते. करपलेले ऑइल तपकिरी किंवा काळे दिसते आणि त्याला जळका, नाकात बसणारा वास येतो. याचा अर्थ आतल्या क्लच प्लेटांचे अस्तर जळाले आहे. ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरच्या पोटातला कूलर फुटून त्यात पाणी मिसळले आहे, आणि अशा वेळी गिअरबॉक्सबरोबर रेडिएटरही बदलावा लागतो. पातळी फक्त कमी असेल तर योग्य ऑइल भरून गाडी चालते का ते पाहावे. गळती शोधून बंद करणे हे गिअरबॉक्स बदलण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

यानंतर गिअरची केबल पाहावी. तिच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुटला की गाडीच्या आत गिअरचा दांडा डी वर (पुढे जाण्याच्या खुणेवर) जातो, पण गिअरबॉक्सवरचा लिव्हर जागचा हलत नाही. एकाने दांडा हलवावा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून लिव्हरकडे पाहावे, दोन मिनिटांत खुलासा होतो. ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) तुटला किंवा आतल्या जॉइंटमधून निसटला तरी गाडी हलत नाही. बऱ्याच गाड्यांत त्या वेळी डी मध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी उभीच राहते, पण स्पीडोमीटरचा काटा मात्र वर चढतो. हे दिसले तर गिअरबॉक्स निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक.

गाडी कायम एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, जड चालत असेल तर तो संगणकाने स्वतःला वाचवण्यासाठी घेतलेला पवित्रा असू शकतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड दाखवणारे यंत्र) लावून कोड वाचावेत. पी-०७०० हा कोड गिअरबॉक्सच्या यंत्रणेत काही बिघाड आहे एवढेच सांगतो. खरा सुगावा त्याच्यासोबतच्या कोडमध्ये असतो. पी-०७५० च्या आसपासचे कोड शिफ्ट सोलेनॉइडकडे (गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपांकडे) बोट दाखवतात, पी-०७३१ पासूनचे कोड ठरावीक गिअर घसरत असल्याचे सांगतात, तर पी-०७४० हा कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचशी (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचशी) संबंधित असतो. सोलेनॉइड, स्पीड सेन्सर किंवा कुरतडलेली वायर यांसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची गरज सहसा नसते. आमच्याकडे शेतालगतच्या घरांत उंदरांनी हार्नेस (वायरींची जुडी) कुरतडणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून वायरिंग डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपून पाहावे.

माझ्या गाडीत ऑइल काळे होते, खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर त्याच्या चुंबकावर नखाएवढे चकाकते तुकडे चिकटलेले होते, आणि रिव्हर्स लागत असूनही पुढचा एकही गिअर पकडत नव्हता. इतके पुरावे एकत्र आल्यावर शंका उरत नाही.

दुसरा गिअरबॉक्स शोधताना

नवा परवडत नाही आणि फुटलेला घरी उघडून दुरुस्त करणे हे मी कोणालाही सुचवणार नाही. त्याला खास अवजारे, धूळविरहित खोली आणि अनुभव लागतो. उरतो तो पर्याय म्हणजे अपघातात सापडलेल्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स. बंगळूरच्या शिवाजीनगरची गुजरी आणि मुंबईत कुर्ल्याचा बाजार या त्यासाठीच्या जुन्या जागा आहेत. सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा की कोल्हापूर, हुबळी आणि पणजी या तिन्ही दिशा चार तासांच्या आत आहेत. मात्र जवळ मिळतो म्हणून गिअरबॉक्स घेऊ नये, नंबर जुळतो म्हणून घ्यावा. केसिंगवर कोरलेला किंवा पट्टीवर छापलेला मॉडेल कोड आपल्या जुन्या गिअरबॉक्सशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा, कारण बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत शेवटच्या गिअरचे प्रमाण, सेन्सर किंवा कनेक्टरच्या पिना वेगळ्या असू शकतात. आरसीवर इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तरी दुकानदाराकडून जीएसटीचे पक्के बिल अवश्य घ्यावे.

आपल्या भागात आणखी एक काळजी घेतली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांत महापूर आला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. गिअरबॉक्सला वर एक छोटे श्वासनळीसारखे भोक असते. गाडी बुडाली की पाणी तिथून आत शिरते. म्हणून कन्व्हर्टरच्या घेराच्या आतल्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ आहे का, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का, आणि डिपस्टिकच्या नळीत गंज आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. बाहेरून धुऊन चकचकीत केलेला डबा मला नेहमीच अधिक संशयास्पद वाटतो. बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या, घंटेसारख्या तोंडाचे) कान, म्हणजे बोल्ट जाण्याच्या जागा, तुटलेले नसावेत. टॉर्क कन्व्हर्टर त्याच गिअरबॉक्सबरोबर मागून घ्यावा; आपला जुना कन्व्हर्टर धातूच्या भुग्याने भरलेला असतो आणि तो धुऊन साफ होत नाही.

जागा, आधार आणि अवजारे

मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत हे काम उघड्यावर काढू नये. खानापूरच्या बाजूला तर नाहीच नाही, तिथे झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप मिळत नाही, आणि उघड्या गिअरबॉक्समध्ये पाण्याचा थेंबही चालत नाही.

जमीन सपाट आणि कोबा केलेली असावी. तांबड्या मातीवर जॅक रुततो. शहाबादी फरशी वरून मजबूत दिसते, पण तिच्याखाली पोकळी असली तर जॅक स्टँडच्या एका पायाखाली ती फाटकन फुटते. तशी जमीन असेल तर प्रत्येक स्टँडखाली किमान पाऊण इंच जाडीचा प्लायवूडचा चौकोन द्यावा. गाडीखाली चिऱ्याचे दगड लावण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती पूर्णपणे टाळावी. चिरा सारख्या दाबाखाली उभा राहतो, पण एका कडेवर भार आला किंवा हातोड्याचा हादरा बसला की भुसभुशीत होऊन बसतो, आणि त्या वेळी खाली माणूस असतो. चांगल्या प्रतीचे चार जॅक स्टँड विकत किंवा भाड्याने घ्यावेत आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये.

गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिनाची एक बाजू अधांतरी राहते, म्हणून त्याला वरून धरावे लागते. आम्ही दोन इंची, जाड पत्र्याचा चौकोनी पाइप दोन्ही मडगार्डांच्या आतल्या कडांवर आडवा टाकला आणि त्याला लांब आट्यांचा हुक लावून इंजिनाच्या उचलण्याच्या कडीत अडकवला. हा पाइप उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात कापून, भोके पाडून मिळाला. बेळगावात राहून असल्या कामाला तंगी भासू नये. गिअरबॉक्ससाठी रुंद बैठकीचा ट्रॉली जॅक आणि त्यावर बांधायला पट्टा लागतो. याशिवाय टॉर्क पाना, गोट्यांचा (सॉकेटचा) पूर्ण संच, लांब एक्स्टेन्शन, हब नटसाठी (चाकाच्या मध्यावरच्या नटासाठी) मोठी गोटी, दोन टॉमी (उचकटायच्या पहारी) आणि बॅटरीवर चालणारा दिवा हवा. वीज नेमकी चुकीच्या वेळी जाते.

जुना गिअरबॉक्स उतरवणे

चाके जमिनीवर असतानाच हब नट सैल करावेत. नटाची कड खाचेत ठोकलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचलावी, मग एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने लांब पाइप लावून नट हलवावा. गाडी उचलल्यावर हे काम करायला गेल्यास स्टँडवरची गाडी डोलते. त्यानंतर बॅटरीची ऋण तार आधी काढावी, मग बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा. लहान गाडीत एवढ्यानेच गिअरबॉक्सचा वरचा भाग उघडा होतो.

प्रत्येक वायर, नळी आणि कंस काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. बेलहाउसिंगचे बोल्ट सारखे दिसले तरी लांबीत फरक असतो. आम्ही पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची ढोबळ आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला. दुसऱ्या शनिवारी या पुठ्ठ्याने आमचा बराच वेळ वाचवला.

ऑइल काढताना किती निघाले ते मोजून लिहून ठेवावे. मग गिअरची केबल, सेन्सर आणि सोलेनॉइडचे कनेक्टर, अर्थिंगची पट्टी, कूलरच्या दोन नळ्या आणि सेल्फ काढावा. कूलरच्या नळ्यांची तोंडे लगेच स्वच्छ बोल्ट घालून बंद करावीत. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट वरूनच काढता येतात. आता इंजिनाला वरचा आधार लावून हुक ताठ करावा.

खाली उतरल्यावर लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला की ड्राइव्ह शाफ्ट मोकळा होतो. गिअरबॉक्सच्या बाजूने तो टॉमीने हलका धक्का देऊन बाहेर काढावा. शाफ्टची दांडी धरून ओढू नये, आतला जॉइंट वेगळा होऊन गोळे विखुरतात. काही गाड्यांत खालचा क्रॉस मेंबरही उतरवावा लागतो.

यापुढची पायरी विसरली तर मोठे नुकसान होते. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाच्या फ्लेक्स प्लेटला (क्रँकच्या टोकावरच्या पातळ पोलादी तबकडीला) तीन, चार किंवा सहा बोल्टांनी जोडलेला असतो, आणि हे बोल्ट गिअरबॉक्स वेगळा करण्यापूर्वी काढायचे असतात. त्यांच्यापर्यंत सेल्फच्या भोकातून किंवा खालच्या छोट्या झाकणातून पोहोचता येते. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवले की एकेक बोल्ट समोर येतो. पहिल्यावर पांढऱ्या रंगाची खूण करावी, म्हणजे मोजणी चुकत नाही. सारे बोल्ट निघाल्यावर कन्व्हर्टर टॉमीने अलगद गिअरबॉक्सकडे ढकलून मोकळा झाल्याची खात्री करावी.

शेवटी गिअरबॉक्सखाली जॅक लावून पट्टा आवळावा, माउंटिंग सोडावे, खालचे बोल्ट काढावेत आणि डबा इंजिनापासून सरळ रेषेत बाजूला ओढावा. तो डॉवेल पिनांवर (इंजिन आणि डबा एका रेषेत धरणाऱ्या खुंट्यांवर) अडकतो, थोडा डावीकडे-उजवीकडे हलवला की सुटतो. सिमेंटच्या पोत्यापेक्षा जड असलेली ही वस्तू जॅकवर असते तेव्हा मेस्त्रींच्या तोंडी एकच कन्नड शब्द होता, "निधान, निधान", म्हणजे हळू. उतरवताना कन्व्हर्टर पुढे घसरून पायावर पडणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवावे.

डबा बाहेर आहे तोवर

गिअरबॉक्स बाहेर असताना इंजिनाचा मागचा ऑइल सील हाताच्या अंतरावर येतो. त्याची किंमत किरकोळ असते, पण नंतर तो गळू लागला तर हेच सारे काम पुन्हा करावे लागते, म्हणून तो बदलावा. फ्लेक्स प्लेटवर मधल्या बोल्टांभोवती केसासारखी चीर आहे का ते पाहावे. ड्राइव्ह शाफ्टचे दोन्ही सील, कन्व्हर्टर बसतो तिथला पुढचा सील आणि शाफ्टच्या टोकावरच्या तारेच्या रिंगा नव्या घालाव्यात. फाटलेले माउंटिंग बदलावे. इंजिनावरच्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत याची खात्री करावी. त्या जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघून गेलेल्या असू शकतात, आणि त्यांच्यावाचून डबा बसवला तर तो नेमक्या रेषेत राहत नाही.

कूलर साफ करणे बहुतेक लोक टाळतात आणि मग आणलेला गिअरबॉक्सही महिन्याभरात जातो. जुन्या गिअरबॉक्सचा धातूचा भुगा रेडिएटरमधल्या कूलरमध्ये अडकून बसलेला असतो. एका नळीतून स्वच्छ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) ढकलून दुसऱ्या नळीतून ते पांढऱ्या बादलीत झेलावे, आणि बादलीत कण दिसणे थांबेपर्यंत हे करत राहावे. केरोसीन वापरू नये, त्याचा अंश आत राहतो. जुन्या डब्यात धातूचे मोठे तुकडे सापडले असतील तर मी सरळ दुसरा रेडिएटर घालण्याच्या मताचा आहे.

कन्व्हर्टर बसला की नाही

या कामातला खरा धोका इथे आहे. गिअरबॉक्सच्या तोंडातून तीन वस्तू बाहेर डोकावतात: मधला इनपुट शाफ्ट, त्याभोवती स्टेटरचा न फिरणारा खाचांचा नळा, आणि सर्वांत बाहेर, खोल आत, ऑइल पंपाचा गिअर. कन्व्हर्टरला या तिन्हींशी जुळायचे असते. आधी कन्व्हर्टर आडवा ठेवून त्यात सुमारे एक लिटर योग्य एटीएफ ओतावे, म्हणजे इंजिन सुरू होताना पंप कोरडा फिरत नाही. मग तो मानेच्या सीलला ऑइल लावून सरळ आत सरकवावा, हाताने हलका दाब देत दोन्ही दिशांना फिरवावा. एक दबका "ठक" ऐकू येतो आणि तो आत सरकतो. फिरवणे चालू ठेवावे, दुसरा "ठक" येतो. पुष्कळ जण इथेच थांबतात. तिसरा, पंपाच्या खाचांचा टप्पा बाकी असतो, आणि कधी कधी तो लागायला दहा मिनिटे फिरवत बसावे लागते.

पूर्ण बसला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. बेलहाउसिंगच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून, पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या बैठकीपर्यंतची खोली व्हर्नियरने मोजावी आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावी. एकीकडे पट्टी कलली असली तर माप चुकते, म्हणून तीन ठिकाणी मोजावे.

आम्ही मोजले नाही. दोन "ठक" ऐकले, समाधान झाले, आणि डबा जॅकवर चढवला. तो डॉवेल पिनांवर आला, पण इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये सगळीकडून करंगळीएवढी फट राहिली. मावसभावाने दोन लांब बोल्ट हातात घेतले होते आणि ते आवळून फट मिटवायची, असे आमचे ठरलेही होते. मेस्त्री खुर्चीवरून उठले, त्यांनी फटीत बोट घालून फिरवले आणि बोल्ट त्याच्या हातून काढून घेतले. गिअरबॉक्स बोल्टने ओढून बसवायची वस्तू नाही, असे ते म्हणाले. कन्व्हर्टर बाहेर असेल तर बोल्ट आवळताना तो पंपावर दाबला जातो, पंपाचा गिअर तडकतो आणि चांगला आणलेला डबा सुरू होण्याआधीच मरतो. आम्ही डबा पुन्हा खाली घेतला. या खेपेला मेस्त्रींनी तळहात कन्व्हर्टरच्या मध्यावर ठेवून तो मनगटानेच फिरवला, आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्यात तिसरा "ठक" आला. तो आवाज नुसता ऐकू आला नाही, हाताला जाणवला. कन्व्हर्टर बोटाच्या पेराएवढा आणखी आत गेला होता.

त्यानंतर डबा वर नेला तेव्हा तो दोन हातांच्या दाबाने इंजिनाला टेकला. असाच तो टेकला पाहिजे. फट राहिली, तर कारण शोधावे: कन्व्हर्टर, वाकडी डॉवेल पिन, मध्ये अडकलेली वायर, किंवा जॅकचा कोन. बेलहाउसिंगचे बोल्ट लागल्यावर, फ्लेक्स प्लेटचे बोल्ट लावण्याआधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आणि फ्लेक्स प्लेटकडे साधारण दोन ते पाच मिलिमीटर पुढे सरकतो हे तपासावे. तो अजिबात सरकत नसेल तर इंजिन सुरू करू नये, डबा पुन्हा उतरवावा.

जोडणी आणि ऑइल

पुढची जोडणी उतरवण्याच्या उलट क्रमाने होते. कन्व्हर्टरचे सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मगच टॉर्क पान्याने घट्ट करावेत. हे बोल्ट जास्त लांबीचे लावले तर कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून पोक येतो. ड्राइव्ह शाफ्ट घालताना सीलच्या ओठाला खाचा घासू देऊ नयेत. रिंग बसल्याचा "टिक" आवाज आल्यावर शाफ्ट हाताने ओढून पाहावा. हब नट नवा वापरावा आणि तो गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटच्या आकड्यापर्यंत आवळावा.

ऑइलच्या बाबतीत दुकानदाराचे ऐकू नये, मॅन्युअलचे ऐकावे. ह्युंदाईच्या बऱ्याच जुन्या चार गिअरच्या गाड्यांना एसपी-थ्री लागते, होंडाला पूर्वी झेड-वन लागे आणि पुढे डीडब्ल्यू-वन आले. लाल रंग सारखा म्हणून ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल तर मुळीच नाही.

आधी काढताना जेवढे मोजले होते त्याहून किंचित कमी भरावे. ब्रेक दाबून इंजिन सुरू करावे आणि पी, आर, एन, डी या प्रत्येक ठिकाणी दांडा तीन-चार सेकंद थांबवत दोनदा फिरवावा. ऑइल कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये पसरते आणि पातळी खाली जाते, तेव्हा थोडे थोडे भरत राहावे. मेस्त्री डिपस्टिककडे पाहून "साकु" म्हणेपर्यंत, म्हणजे पुरे म्हणेपर्यंत, मी ओतत होतो. अंतिम तपासणी ऑइल गरम असतानाच करावी, पण पद्धत गाडीप्रमाणे बदलते: बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, तर होंडाच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून साठ ते नव्वद सेकंदांच्या आत पाहावे लागते. चुकीच्या पद्धतीने मोजले की लिटरभर कमी-जास्त होते. प्रमाणापेक्षा जास्त ऑइल झाले की त्याला फेस येतो आणि क्लच घसरू लागतात.

काढलेले जुने ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नये. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत विहिरीचे पाणी वापरतात. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याला द्यावे.

पहिली फेरी

स्कॅनरने जुने कोड पुसावेत, आणि तो सोय देत असेल तर गिअरबॉक्सच्या संगणकाची शिकलेली जुळवणीही पुसावी. पहिले काही किलोमीटर गिअर थोडे झटक्याने बदलतात, संगणक नव्या डब्याशी जुळवून घेत असतो. हलक्या पायाने चालवल्यास ते कमी होत जाते. आधी घराभोवतीच्या रस्त्यांवर फिरावे, परत येऊन खाली पुठ्ठा पसरावा आणि रात्रभर थेंब पडतो का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी आम्ही काकतीपर्यंत महामार्गाने गेलो आणि नंतर वंटमुरीचा घाट चढून पाहिला, कारण लॉकअप लागणे-सुटणे आणि चढावर खालचा गिअर पडणे या दोन गोष्टी सपाटीवर नीट कळत नाहीत. चोर्ला घाटाने गोव्याला जाण्याचा मोह पहिले पाचशे किलोमीटर आवरावा.

शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट, माउंटिंग आणि कूलरच्या क्लिपा पुन्हा तपासाव्यात. हजार किलोमीटर झाल्यावर ऑइल एकदा काढून नवे भरावे आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकाकडे पाहावे. त्यावर बोटाने पुसल्यावर निघून जाणारा राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण लागले, तर गाडी लांबच्या प्रवासाला न काढता गिअरबॉक्स दिलेल्या दुकानदाराला बिलासह लगेच कळवावे.